मकतबासाठी ‘आठ बुद्धिमत्ता’ संच: वजूत पास, तजवीदीत कच्चा

पेटी उघडली की आधी आठ रंगांचे बिल्ले हाताला लागतात. ते बाजूला ठेवा. पहिल्याच दिवशी प्रश्नावली भरून ‘हा संगीतवाला, ती गणितवाली’ असे बिल्ले लावायला पुस्तिका सांगते. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, या मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरने १९८३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून मकतबाला (मुलांच्या कुराण-दीनियातच्या वर्गाला) घेण्यासारखं आहे ते वेगळंच: धडा एक, वाटा अनेक, आणि सगळ्या वाटा सगळ्या मुलांना.

वजूचा (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याचा) धडा तसाच बेतलाय आणि झकास जमलाय. चित्रं क्रमाने लावायची, कृती करायची, मग जोडीदाराची कृती तपासायची. हनफी या सुन्नी परंपरेतले चार फर्ज, म्हणजे अनिवार्य कृती (चेहरा, कोपरांसह हात, चौथाई डोक्याचा मसह म्हणजे ओला हात फिरवणं, घोट्यांसह पाय) वेगळ्या रंगात आहेत, त्यामुळे सुन्नतशी (पैगंबरांच्या रीतीतल्या, पण अनिवार्य नसलेल्या कृतींशी) गल्लत होत नाही. कोरडी राहिलेली टाच जोडीदार बरोबर पकडतो. सोबतचं पाण्याचं माप एका मुदचं (जुनं अरबी माप), म्हणजे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे पाऊण ते एक लिटर. टँकरवर जगणाऱ्या गावात याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

तजवीदीत, म्हणजे कुराण शुद्ध उच्चारात म्हणण्याच्या नियमांत, संच घसरतो. टाळ्यांच्या ठेक्यावर आयती म्हणवून घेतल्या की मुलं ठेका भरायला आखूड स्वर ताणतात आणि दोन मात्रांचा मद (लांबवायचा स्वर) तोडतात. अर्थच बदलू शकतो. ठेका हवाच असेल तर पाच वेळच्या नमाजांतल्या फर्ज रकातींसाठी (आवर्तनांसाठी) ठेवा: २-४-४-३-४. आरसा ‘सा’ (ث) या अरबी अक्षराला उपयोगी, कारण वरच्या दातांच्या कडेला टेकलेलं जिभेचं टोक दिसतं. पण आपल्याकडची खरी अडचण बड्या काफची (ق). दखनी उर्दूत ‘कलम’चं ‘खलम’ होतं, आणि जिभेचं मूळ आरशात दिसत नाही. तिथे एकेका मुलाला समोर बसवून ऐकवणं, म्हणवून घेणं, एवढाच इलाज.

हिशोबाच्या पानांत जकातीचा (अनिवार्य दानाचा) अडीच टक्का आहे, उश्र (शेतीच्या पिकावरचा हिस्सा) नाही. परभणी-हिंगोलीकडच्या पोरांना जकातीच्या साडेसात तोळे सोन्याच्या मर्यादेपेक्षा तूर लवकर कळते: २० क्विंटलवर कोरडवाहूचा दहावा हिस्सा २ क्विंटल, विहिरीच्या पाण्यावरचा विसावा १ क्विंटल. इथल्या जमिनीला उश्र लागतो का, यावर उलमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत, म्हणून हे गणित म्हणूनच शिकवा.

किब्ल्याचा (नमाजात तोंड करायच्या मक्केच्या दिशेचा) तक्ता थेट पश्चिम दाखवतो. मराठवाड्यातून दिशा पश्चिमेच्या नऊ-दहा अंश उत्तरेला येते; तक्त्यावर पेनाने दुरुस्त करून घ्या.