जुना सिग्नल पाहायला जायचंय? क्रोटन, सिरॅक्यूज की बर्लिन

न्यू जर्सीत मुलांकडे उन्हाळा काढायला गेलेल्या आईबाबांचा नायगरा होतो, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होतो आणि मग एखादा शनिवार मोकळा उरतो. घरात कुणाला रस्ते, रेल्वे, यंत्रं यांचं वेड असेल तर त्या दिवशी एखादा जुना सिग्नल पाहून यावा, असं मी मनापासून सुचवेन. काचेच्या कपाटातला नव्हे, रस्त्यावर उभा असलेला. युरोपची सहल ठरत असेल तर बर्लिनही या निवडीत येतं.

आधी एक ठरवा: नेमकं काय जुनं पाहायचंय? यंत्र, जागा की पद्धत? हे तिन्ही एकाच चौकात सहसा मिळत नाही. दिवे फुटतात, वायरी खराब होतात, नियम बदलतात. प्रत्येक गावाने यातलं काहीतरी सोडलं आणि काहीतरी धरून ठेवलं. कुणी काय धरून ठेवलं, त्यावर तुमची निवड ठरेल.

यंत्र पाहायचं असेल तर क्रोटन-ऑन-हडसन

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइनने साधारण तासाभरात क्रोटन-हार्मन स्टेशन येतं. जाताना डावीकडची खिडकी धरा, नदी सोबत राहते. स्टेशनपासून जुनं गाव चढावर आहे, त्यामुळे वयस्कर मंडळी असतील तर टॅक्सी करा. तिथे विचारताना 'डमी लाइट' म्हणायचं. ग्रँड स्ट्रीट आणि ओल्ड पोस्ट रोडच्या चौकात, अगदी मधोमध, चौथऱ्यावर हा सिग्नल उभा असतो. आपल्याकडे छत्रीखाली वाहतूक हवालदार उभा राहायचा, त्याच जागी.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या गावागावांत असेच सिग्नल होते. एक खांब, चारही दिशांना तोंडं, काम संपलं. मग गाड्या लांब झाल्या आणि वळताना खांबाला धडकू लागल्या. अमेरिकेचे आजचे नियम मुख्य दिशेच्या वाहनांना किमान दोन सिग्नल दिसले पाहिजेत असं सांगतात. मधोमध उभ्या असलेल्या एकट्या खांबाकडून ते होत नाही. म्हणूनच हे सिग्नल आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि कुठलाही ट्रक त्यातला एखादा कमी करू शकतो. निघण्यापूर्वी गावाच्या कार्यालयात फोन करून सिग्नल जागेवर असल्याची खात्री करून घ्या.

पद्धत पाहायची असेल तर सिरॅक्यूज

न्यूयॉर्क शहरापासून सुमारे ४०० किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसतं गाडीत बसणं, म्हणून मुक्काम धरूनच निघावं. सिरॅक्यूजच्या टिपररी हिल भागात टॉम्पकिन्स स्ट्रीट आणि मिल्टन अ‍ॅव्हेन्यूच्या चौकात हिरवा दिवा वर आहे आणि लाल खाली.

हा आयरिश स्थलांतरितांचा भाग. १९२०च्या दशकात इथे पहिला सिग्नल बसला, तेव्हा तांबडा रंग हिरव्याच्या वर पाहून पोरांचं डोकं फिरलं. तांबडा म्हणजे ब्रिटन, हिरवा म्हणजे आयर्लंड, आणि आयर्लंड स्वतंत्र होऊन जेमतेम काही वर्षं झालेली. पोरांनी दगड मारून दिवे फोडले. नवे बसवले, तेही फोडले. शेवटी १९२८मध्ये शहराने माघार घेतली आणि हिरवा वर गेला तो गेलाच. चौकात १९९७पासून एक छोटं स्मारक आहे: एक आयरिश कुटुंब, बाप सिग्नलकडे बोट दाखवतोय आणि मुलाच्या मागच्या खिशात गलोल आहे. दगडफेक करणाऱ्यांचं स्मारक त्याच शहरात उभं राहावं, यातला मोठेपणा मला फार भावतो.

दिव्यांची पेटी आजच्या काळातली आहे, तेव्हा जुन्या लोखंडाच्या ओढीने गेलात तर निराश व्हाल. आणि घरातल्या कुणाला लाल-हिरवा फरक दिसत नसेल, तर त्याला या चौकात गाडी चालवायला देऊ नका. असे लोक वरचा-खालचा दिवा पाहून थांबतात, आणि इथे तोच हिशोब उलटा आहे.

जागा पाहायची असेल तर बर्लिन

पोट्सडॅमर प्लाट्झला पाच रस्ते एकत्र यायचे, म्हणून १९२४मध्ये तिथे साडेआठ मीटर उंचीचा पाच बाजूंचा सिग्नल-मनोरा उभारला. वरच्या केबिनमध्ये पोलीस बसून दिवे चालवायचा. १९३७मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी तो काढला. पुढे युद्धात चौक उद्ध्वस्त झाला आणि नंतर त्यातूनच बर्लिनची भिंत गेली. आज दिसतो तो मनोरा १९९७ची प्रतिकृती आहे, तीही हुबेहूब मूळ जागेवर नाही. सुंदर आहे, फोटो छान येतो, पण वाहतूक त्याच्याकडे बघून चालत नाही. फक्त त्याच्यासाठी मी बर्लिनला जाणार नाही.

जाईन ते तिथल्या पादचारी सिग्नलमधल्या टोपीवाल्या माणसासाठी. वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१मध्ये पूर्व जर्मनीसाठी त्याचा आराखडा केला. तो मुद्दाम जाडजूड ठेवला, कारण आकृती भरीव असली की जास्त प्रकाश बाहेर पडतो. लाल माणूस दोन्ही हात पसरून वाट अडवतो. एकीकरणानंतर त्याला हटवायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी मोहीम चालवून त्याला वाचवलं, आणि पुढे तो पश्चिम बर्लिनमध्येही आला. लहान मुलं बरोबर असतील तर बर्लिनला तोड नाही. ती प्रत्येक चौकात त्याला शोधत बसतात. मुंबईत २०२०मध्ये दादरच्या पादचारी सिग्नलवर स्त्रीची आकृती आली, ती पाहिलेल्या मुलांना तर ही जोडी लगेच जुळवता येईल.

इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टन वाटेत आलं तरच थांबा: १९२७मध्ये ब्रिटनमधले पहिले स्वयंचलित दिवे लागले त्या प्रिन्सेस स्क्वेअरमध्ये खांबांना काळे-पांढरे पट्टे आहेत, एवढंच.

एकच दिवस हाताशी असेल तर क्रोटन. पण मुक्काम करता येत असेल तर मी डोळे मिटून सिरॅक्यूज निवडेन, कारण तिथे आजही रोजची खरी वाहतूक त्या उलट्या दिव्यांवर थांबते आणि सुटते. फक्त हिवाळा टाळा, त्या शहरात बर्फ प्रचंड पडतो. सतरा मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी गेलात तर टिपररी हिल रंगात असतं, पण गर्दीही तेवढीच. आईबाबांना घेऊन जायला मे किंवा सप्टेंबर बरा.