गळती न दाखवताच होडी दुरुस्त करून देणाऱ्यापासून सावध राहा

कृष्णाकाठी येडूर, मांजरी, कल्लोळ या भागात ज्यांची जमीन नदीपलीकडे आहे आणि ज्यांच्या दारात लहान फायबरची होडी आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. माझे साडेअठरा हजार रुपये गेले. ते आज ना उद्या भरून निघतील. पण त्या माणसाच्या कामावर भरवसा ठेवून माझी बायको आणि पुतण्या भर नदीत गेले होते, त्याची आठवण झाली की अजून छातीत धडधडतं.

आमच्याकडे होडी ही हौसेची वस्तू नाही. पलीकडच्या मळीतून (नदीकाठच्या शेतातून) जनावरांना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायचं तर बंधाऱ्यावरून वळसा घालण्यात सकाळ जाते, आणि पावसाळ्यात कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखालीच असतो. पुरात होडी काढायचा प्रश्नच येत नाही, पण पाणी उतरल्यावर आठ महिने तीच कामाला येते. 2019 च्या महापुरात आमची जुनी पत्र्याची होडी वाहून गेली. त्यानंतर मी चौदा फुटांची जुनी फायबरची होडी घेतली. दुहेरी तळाची, मधल्या पोकळीत फोम भरलेली, वल्ह्यावर चालणारी.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिच्यात पाणी येऊ लागलं. मधल्या फळीच्या कडेपाशी आधी ओल दिसायची, मग तासाभरात दोन बादल्या पाणी उपसावं लागायचं. ओळखीच्या एकाने नंबर दिला. आलेला माणूस चांगला बोलणारा होता, कोकणात बंदरावर बोटी बांधल्यात म्हणाला. होडी पालथी घातली, हातोडीच्या दांड्याने तळावर ठोकत गेला. मध्यभागी ढब ढब आवाज आला. "ऐकलंत अण्णा? तळाचे थर सुटलेत. हे एका जागचं काम नाही. पूर्ण तळाला रेझिनचा कोट द्यावा लागेल, नाहीतर या सीझनला बुडणार."

आवाज मी स्वतःच्या कानाने ऐकला होता, म्हणून पटलं. नंतर कळलं की दुहेरी तळाच्या होडीवर पोकळीच्या जागी ठोकलं की असाच आवाज येतो, होडी धडधाकट असली तरी. थर खरंच सुटलेत का हे ओळखायचं तर पूर्ण तळावर एकसारखं ठोकायचं, आवाज बदलतो तिथे खडूने खूण करायची आणि आतली बांधणी कुठे आहे त्याच्याशी ती ताडून बघायची. त्याने हवी ती जागा ठोकली आणि मला ऐकवली.

बारा हजार आगाऊ घेतले, वर दोन हजार सामानाचे. ऊसतोडीची टोळी आली होती, त्यामुळे दोन्ही दिवस मी शेतात होतो. संध्याकाळी बघतो तर तळ निळाभोर, चकचकीत. डब्यांवर चिठ्ठी नव्हती. अंगणात ऑइलपेंटचा वास होता. पॉलिस्टर रेझिन म्हणजे फायबरचे थर धरून ठेवणारं चिकट द्रव्य. त्याचा वास वेगळा, नाकात झोंबणारा, दोन दोन दिवस न जाणारा असतो, आणि रेझिन घट्ट होताना गरम होतं. हे तेव्हा मला ठाऊक असतं तर तिथेच हात धरला असता.

चौथ्या दिवशी पुन्हा पाणी. फोन केला तर म्हणाला, "पहिल्यांदा थोडं येतं, कोट मुरला की थांबेल." थांबलं नाही. मग "वरून स्पेशल कोटिंग मारतो" म्हणून आणखी साडेचार हजार घेऊन गेला. त्याच आठवड्यात बायको आणि पुतण्या वाड्याचे भारे घेऊन परतत होते. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबलेलं, पात्र खोल. मध्यावर आल्यावर होडी एका अंगाला कलायला लागली. आत घोट्याएवढं पाणी. पुतण्याने भारे नदीत ढकलले आणि जीव खाऊन वल्ही मारली, म्हणून काठ गाठला. त्या रात्री मी त्या माणसाला अकरा वेळा फोन लावला. तो नंबर आजही बंद आहे.

यानंतर काठावरच्या एका अज्जांकडे गेलो. आयुष्य होडीवर काढलेला माणूस, कानडीच बोलतात. त्यांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते हे: "मोदल नोड, आम्याल रोक्का कोड, तम्मा." आधी बघ, मग पैसे दे. मी नेमकं उलटं केलं होतं.

अज्जांनी होडी वाळूच्या पोत्यांवर सुलटी, सपाट ठेवायला लावली. पाणी काढायच्या भोकाचं बूच काढून आठ दिवस उन्हात. बुचाचा वायसर आधी बघितला, कारण कित्येकदा गळती एवढ्यावरच संपते. आमचा चांगला होता. बाहेरून तळ कोरडा पुसून त्यावर खडूची पूड भुरभुरली. मग आत मधल्या फळीच्या कडेला जी चीर होती, तिथून पोकळीत हळूहळू पाणी सोडलं. काठोकाठ भरायचं नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पाण्यात तरंगणारी होडी जमिनीवर तेवढा भार नीट पेलत नाही, तळालाच चीर पडू शकते. वीतभर पाणी पुरे.

आम्ही तिघं खाली वाकून बघत बसलो. पाऊण तास काहीच नाही. मग तळाच्या कण्यावर जी लोखंडी पट्टी आहे, तिच्या पुढच्या टोकाकडून तिसऱ्या स्क्रूपाशी पुडीवर एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याचा थेंब झाला. होडीत पाणी दिसायचं तिथपासून ही जागा पाच फूट पुढे होती. होडी काठावरच्या दगडांवरून ओढताना स्क्रू ढिला झाला, पाणी तिथून पोकळीत शिरलं, फोममधून मागे सरकलं आणि जिथे वाट मिळाली तिथे वर आलं. दुहेरी तळाच्या होडीत पाणी दिसतं ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा बहुतेक वेळा एक नसते. म्हणूनच गळती बोटाने दाखवल्याशिवाय दुरुस्ती बोलणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

निळा कोट मी नखाने उचलला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पट्टाच्या पट्टा निघाला. खाली जुना रंग तसाच, ओल तशीच. घासलंच नव्हतं. रेझिन असो की रंग, ओल्या आणि गुळगुळीत पृष्ठभागाला तो धरत नाही.

खरी दुरुस्ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम शिकलेल्या एका मुलाने केली, माझ्या डोळ्यांसमोर. आधी पोकळीतलं पाणी काढायला सर्वांत खालच्या जागी भोक पाडून होडी कलती केली, तीन बादल्या निघाल्या. म्हणजे पंचेचाळीस किलो ओझं आम्ही रोज फुकट वल्हवत होतो. ओला फोम काढला, पोकळी दोन आठवडे वाळवली. स्क्रूची सगळी भोकं मोठी करून भोवतालचा भाग उतरता घासला, घासलेल्या जागेची रुंदी तळाच्या जाडीच्या बारापट तरी ठेवून. ॲसिटोनने पुसलं, मग काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक, हवेचे बुडबुडे रोलरने काढत. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आधी नीट मिसळून घेतला, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) नंतर, शेकडा एक-दोन भागच. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. घरी करून बघणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, आणि घासताना तोंडाला मास्क बांधा. शेवटी पट्टी पुन्हा बसवताना प्रत्येक स्क्रूखाली फट बुजवणारं पॉलियुरेथेन सीलंट. मजुरी धरून एकूण खर्च तीन हजार दोनशे.

पुन्हा पाणी सोडून, पुन्हा खडू भुरभुरून रात्रभर ठेवली. सकाळी पूड कोरडी पांढरी होती.

पैशाचं सांगतो. बारा हजार आणि साडेचार हजार मी फोनवरून पाठवले होते, त्यामुळे त्याची नोंद आहे. सामानाचे दोन हजार रोख दिले, त्याची काहीच खूण नाही. पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र अर्ज द्यावा लागतो. काम चालू असताना फोनवर रोजचे फोटो काढून ठेवा, डब्यावरची नावं दिसतील असे. माझ्याकडे तसे फोटो नाहीत.

माझ्याकडे आहेत ते त्या निळ्या रंगाचे पापुद्रे. बेळगावला अर्ज घेऊन जाताना दाखवता यावेत म्हणून एका पिशवीत भरून, वर तारीख लिहून ठेवले आहेत.