रोजचं औषध आणि परदेशातलं शिक्षण: सोबत न्यावं, तिथे घ्यावं की घरून मागवावं?

थायरॉइड, दमा, मधुमेह, फिट्स, नैराश्य. यांपैकी कशासाठीही रोज औषध घेणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी जाताना तीन वाटा दिसतात. वर्षभराच्या गोळ्या बॅगेत भरून न्यायच्या, तिथल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यायची किंवा घरच्यांना कुरियर करायला सांगायचं. माझं मत आधीच सांगते. पहिली वाट सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांपुरती, दुसरी कायमची, आणि तिसरीवर अजिबात विसंबू नका.

सोबत नेण्यात मोठा दिलासा असा की अंगाला सवय झालेलं तेच औषध पहिल्या दिवसापासून हाताशी असतं. पण वर्षभराचा साठा बहुतेक ठिकाणी चालत नाही. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपुरतं औषध नेता येतं, अमेरिकेत साधारण ९० दिवसांचं. जपानमध्ये डॉक्टरी चिठ्ठीवरचं औषध एका महिन्याहून जास्त न्यायचं तर आधी 'युन्यू काकुनिन-शो' हे औषध आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. काही औषधांचा तर प्रमाणाशी संबंधच नाही. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याचा, अतिचंचलतेचा विकार) दिली जाणारी अँफेटामिन या उत्तेजकाची गोळी जपानमध्ये चिठ्ठी असूनही नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडोल किंवा कोडीन (ही वेदनाशामकं) असलेलं औषध न्यायला आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी हवी. म्हणून झोपेची, तीव्र वेदनांची किंवा एडीएचडीची औषधं घेणाऱ्यांनी तिकिटाआधी त्या देशाचा नियम पाहावा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि डॉक्टरांच्या पत्रात ब्रँडऐवजी मूळ घटकाचं नाव आणि डोस लिहून घ्या. इन्सुलिन केबिन बॅगेतच हवं. सामानाच्या कक्षात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरण्याजोगं राहत नाही.

तिथल्या डॉक्टरकडे जायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण शिक्षणाची वर्षं निभावतात ती याच वाटेनं. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त काळाच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) भरलेला असतो, तेव्हा पोहोचल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये सवलत लागू नसेल तर चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क पडतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते नाही. अमेरिकेत सगळं विम्यावर अवलंबून असतं. पॉलिसी घेण्याआधीच तुमचं औषध तिच्या यादीत आहे का, हे विचारा.

नावं बदलतात, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. दोन-तीन औषधं एकत्र केलेली तुमची गोळी तिथे त्या रूपात मिळेलच असं नाही. मग घटक वेगवेगळे घ्यावे लागतात. थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्यावं. फिट्सच्या औषधात ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणं भागच आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला इन्सुलिनची वाटते. काही देशांत मिलिलिटरला ४० युनिटची बाटली अजून वापरात आहे, बऱ्याच देशांत फक्त १०० युनिटची. जुनी ४० ची सिरिंज नव्या १०० च्या बाटलीत घातली की डोस अडीचपट होतो. त्यातून साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. बाटली बदलली की सिरिंजही बदला.

कुरियरबद्दल थोडक्यात. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीला टपालानं औषध मागवता येत नाही, अमेरिकेतही बहुतेक वेळा बंदीच. शिवाय पार्सल कस्टममध्ये अडकलं तर ते सुटेपर्यंत डोस चुकत राहतात.

थायरॉइडची गोळी किंवा दम्याचा पंप असेल, तर सोबतच्या साठ्यावर निवांत पोहोचा आणि महिन्याभरात डॉक्टर गाठा. एडीएचडी किंवा मानसोपचाराचं औषध असेल, तर इतकी सवड नाही. तिथला तज्ज्ञ नव्यानं तपासणी करू म्हणाला तर महिनोन्महिने थांबावं लागू शकतं, आणि नैराश्याची किंवा झोपेची गोळी अचानक तोडणं धोक्याचं असतं. अशांनी प्रवेश पक्का होताच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला ईमेल करावा, निदानाचे कागद इंग्रजीत तयार ठेवावेत आणि निघण्यापूर्वीच पहिली अपॉइंटमेंट घ्यावी.