एक्सेलमधील सॉल्व्हर : लहान कारखान्याच्या नियोजनाला कितपत उपयोगी?

आठवड्यात कोणता जॉब किती नग काढायचा, हा प्रश्न आमच्या मशीन शॉपमध्ये वर्षानुवर्षे मालकांच्या अंदाजावर आणि ज्या ग्राहकाचा फोन आधी येईल त्याच्या निकडीवर सुटत असे. गेले वर्षभर त्यासाठी मी एक्सेलमधील सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या मर्यादांत सर्वाधिक कमाईचे आकडे शोधून देणारे साधन, वापरत आहे. फ्रंटलाइन सिस्टिम्सने तयार केलेली ही सोय एक्सेलसोबतच मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र ऑप्शन्समधील अ‍ॅड-इन्समध्ये जाऊन ती चालू केल्याखेरीज डेटा टॅबवर दिसत नाही, त्यामुळे एक्सेलवर रोज काम करणाऱ्यांनाही ती बऱ्याचदा ठाऊक नसते.

समजण्यासाठी दोनच जॉब घेऊ. पंप केसिंगच्या एका नगाला लेथवर २ तास आणि ड्रिलिंगला १ तास लागतो, तर व्हॉल्व्ह बॉडीला दोन्हीकडे एकेक तास. आठवड्याला लेथचे २०० आणि ड्रिलिंगचे १२० तास उपलब्ध आहेत, केसिंगची मागणी ९० नगांची आहे, आणि कच्चा माल, टूल व वीज वजा जाता केसिंगमागे ६००, तर बॉडीमागे ४०० रुपये उरतात. जास्त पैशांचा जॉब आधी, या आमच्या जुन्या रीतीने ९० केसिंग व २० बॉडी निघून ६२,००० रुपये मिळतात. लेथच्या तासामागे बॉडीची कमाई अधिक, म्हणून ती आधी घेतली, तर १२० नगांनंतर ड्रिलिंगचे तास संपतात आणि हाती ४८,००० रुपयेच येतात. सॉल्व्हर ८० केसिंग व ४० बॉडी सुचवतो. त्यांचे ६४,००० रुपये होतात.

मला मात्र या उत्तरापेक्षा त्याच्यासोबत मिळणारा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे मर्यादा थोडी बदलली तर उत्तर किती बदलेल हे सांगणारा तक्ता, अधिक मोलाचा वाटतो. वरच्या उदाहरणात लेथच्या आणखी एका तासाची शॅडो प्राइस (त्या तासाने वाढणारी कमाई) २०० रुपये येते, म्हणजे ओव्हरटाइमची मजुरी तासाला त्याहून कमी असेल तरच लेथ जादा चालवण्यात अर्थ आहे. शिवाय हा भाव पुढच्या १० तासांपुरताच खरा असल्याचेही तेथेच नोंदलेले असते: २१० तासांना केसिंग ९० वर पोचते, मागणी संपते आणि अकराव्या तासाची किंमत शून्य होते. ‘रविवारी पूर्ण शिफ्ट लावू’ या आमच्याकडच्या नेहमीच्या वादाला इतके नेमके उत्तर यापूर्वी कधी मिळाले नव्हते.

पहिल्या महिन्यात माझी उत्तरे चुकली, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. भाडे आणि पगार प्रत्येक नगावर वाटून मी ‘निव्वळ नफा’ भरला होता; परंतु हे खर्च उत्पादन कमी-जास्त झाल्याने बदलत नाहीत, त्यामुळे चांगले जॉबही तोट्याचे दिसून यादीतून गळाले.

वापरताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. गणित सोडवण्याची पद्धत म्हणून आधीपासून जीआरजी नॉनलिनिअर निवडलेली असते, ती बदलून अशा सरळ प्रमाणातल्या (रेषीय) गणितांसाठीची सिम्प्लेक्स एलपी करावी. सूत्रात इफ (जर-तरची अट) घातले की हे सरळ प्रमाण, म्हणजे रेषीयता, मोडते. आकडे बदलल्यावर उत्तर आपोआप बदलत नाही, सॉल्व्हर पुन्हा चालवावा लागतो. छापलेला जुना रिपोर्ट घेऊन मीटिंगला बसण्याचा प्रसंग यातूनच येतो. बदलत्या घटकांची, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायच्या आकड्यांची, मर्यादा २०० आहे. आमच्या आकाराच्या शॉपला एका आठवड्यासाठी ती पुरते, पण तीन महिन्यांचे आठवडेवार नियोजन एकत्र मांडले की अपुरी पडते.

खरी अडचण सेटिंगच्या, म्हणजे जॉबसाठी मशीन लावण्याच्या, वेळेची आहे. जॉब घ्यायचा की नाही हे ० किंवा १ मध्ये मांडले, तर मशीन लावण्याचे तास हिशेबात येतात, परंतु पूर्णांकाची अट येताच सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळत नाही. म्हणून मी आधी पूर्णांकांसह सोडवून कोणते जॉब घ्यायचे ते ठरवतो, त्यांच्या सेटिंगचे तास उपलब्ध तासांतून वजा करतो आणि मग पूर्णांकाच्या अटी काढून तेच गणित पुन्हा चालवतो. दुसऱ्या खेपेला अपूर्णांकातील नग येतात, ते हाताने खालच्या आकड्यावर आणतो. ओव्हरटाइमसाठी लागणारा भाव मात्र त्याच खेपेत हाती येतो.