कॉस्मिअरचा वाचनक्रम: प्रकाशनक्रम काही महिने वापरल्यानंतर

ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीमालिकेचं तिसरं पुस्तक संपलं की बरीचशी ई-बुक ॲप्स लगेच पुढचं पुस्तक समोर आणतात. त्यावर क्रमांक असतो ३.५ आणि नाव असतं ‘सीक्रेट हिस्टरी’. तीन झालं, चार यायचंय, मध्ये साडेतीन, म्हणून वाचक बटण दाबतो. त्या एका बटणाने पुढच्या तीन पुस्तकांतली निम्मी उत्कंठा संपते. हा सगळा लेख त्या दशांश चिन्हाच्या रागातून लिहिला आहे.

कॉस्मिअर म्हणजे सँडरसनच्या वेगवेगळ्या ग्रहांवर घडणाऱ्या, पण आतून एकमेकांशी जोडलेल्या काल्पनिक कथांचं विश्व; त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. ‘प्रकाशनक्रमाने वाचा’ हा सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला. काही महिने तो काटेकोरपणे पाळल्यावर तो कुठे टिकतो आणि कुठे गळतो, ते नेमकं सांगता येतं.

आधी ३.५ चा हिशोब. मिस्टबॉर्नची पहिली तीन पुस्तकं २००६, २००७ आणि २००८ मध्ये आली. ‘सीक्रेट हिस्टरी’ आली जानेवारी २०१६ मध्ये, मालिकेतलं सहावं पुस्तक ‘द बँड्स ऑफ मोर्निंग’ बाहेर पडलं त्याच महिन्यात. तिच्यातल्या घटना पहिल्या तीन पुस्तकांच्या पडद्यामागे घडतात, म्हणून यादी करणाऱ्याने तिला तीन आणि चारच्या मध्ये बसवलं. पण घटना कधी घडल्या आणि वाचकाला त्या कधी कळायला हव्यात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखकाचा स्वतःचा सल्लाही ती सहाव्या पुस्तकानंतर वाचण्याचा आहे.

साडेतीनवर वाचल्याने नुकसान दोन ठिकाणी होतं. चौथं पुस्तक ‘द अलॉय ऑफ लॉ’ सुमारे तीनशे वर्षांनंतर सुरू होतं. पहिल्या तीन पुस्तकांतली माणसं तोवर दंतकथा झालेली असतात, काहींच्या नावाने पंथ उभे राहिलेले असतात. यातलं खरं किती आणि रचलेलं किती, हा प्रश्न चौथ्या ते सहाव्या पुस्तकांतल्या पात्रांना पडतो आणि तो वाचकालाही पडायला हवा. ‘सीक्रेट हिस्टरी’ आधी वाचलेल्याला तो पडत नाही, कारण उत्तर त्याच्या खिशात असतं. सहाव्या पुस्तकाच्या अखेरीस उभं राहणारं कोडंही मग त्याच्यासाठी कोडं उरत नाही. दुसरं नुकसान समजुतीचं. ही लघुकादंबरी कॉस्मिअरची घडण उघड बोलून दाखवते: शक्ती कुठून आल्या, ग्रहांच्या पलीकडे काय आहे. तिसऱ्या पुस्तकापर्यंत वाचकाकडे त्यासाठी लागणारी शब्दसंपत्तीच जमलेली नसते, त्यामुळे संवादांमागून संवाद डोक्यावरून जातात.

तिसऱ्या पुस्तकानंतर लगेच वाचावं असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. तिच्यातले अनेक प्रसंग आधीच्या पुस्तकांतल्या प्रसंगांना नेमके चिकटलेले आहेत आणि मधे तीन पुस्तकं गेली की ते आठवत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. सहावं पुस्तक संपलं की पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकाचा फक्त शेवटचा भाग पुन्हा चाळायचा आणि मग ही उघडायची. एका संध्याकाळचं काम आहे. त्यासाठी पुढची तीन पुस्तकं नासवायची गरज नाही.

इथपर्यंत प्रकाशनक्रमाचं पारडं जड आहे. २००६ ते २०१० या पट्ट्यात तर तो बहुतेक जसाच्या तसा चालतो: मिस्टबॉर्नची तीन पुस्तकं, २००९ चं ‘वॉरब्रेकर’, मग २०१० चं ‘द वे ऑफ किंग्ज’. २००५ चं ‘इलान्ट्रिस’ सगळ्यात आधी आलं असलं, तरी ते लेखकाचं पहिलंच छापलेलं पुस्तक आहे आणि ते जाणवतं. मधला भाग रेंगाळतो. दार म्हणून मिस्टबॉर्नचं पहिलं पुस्तक ‘द फायनल एम्पायर’ कितीतरी चांगलं. ‘इलान्ट्रिस’ नंतर कधीही घेता येतं, फक्त मिस्टबॉर्नच्या सातव्या पुस्तकाच्या, ‘द लॉस्ट मेटल’च्या आधी.

मत बदलतं ते ‘स्टॉर्मलाइट’पाशी, म्हणजे ‘द वे ऑफ किंग्ज’पासून सुरू होणाऱ्या उपमालिकेपाशी. दुसरं पुस्तक ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’ मार्च २०१४ मध्ये आलं, तिसरं ‘ओथब्रिंगर’ नोव्हेंबर २०१७ मध्ये. काटेकोर प्रकाशनक्रमात या दोहोंच्या मध्ये मिस्टबॉर्नचं पाचवं आणि सहावं पुस्तक, ‘सीक्रेट हिस्टरी’ आणि एक अख्खा कथासंग्रह येऊन बसतो. ‘स्टॉर्मलाइट’चं एकेक पुस्तक हजारावर पानांचं, पात्रं ढिगाने, घराणी आणि राज्यं वेगळीच. एवढी वाट वाकडी करून ‘ओथब्रिंगर’ उघडलं की कोणता राजपुत्र कोणाच्या बाजूचा, इथपासून सुरुवात करावी लागते. पुस्तकं निघत होती तेव्हा वाचकांना वाट पाहणं भागच होतं. आज सगळी हाताशी असताना ती वाट मुद्दाम पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून आताचं मत असं: उपमालिका सलग वाचायच्या आणि प्रकाशनक्रम फक्त अटींपुरता वापरायचा. अमुक पुस्तक तमुकच्या आधी, एवढंच. अशा अटी मोजक्याच आहेत.

‘वॉरब्रेकर’ हे ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’च्या आधी. ही अट सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण कोणत्याही यादीत ‘वॉरब्रेकर’ ‘स्टॉर्मलाइट’खाली दिसत नाही. ‘वर्ड्स ऑफ रेडियन्स’च्या अगदी अखेरच्या पानांत एक वस्तू येते. ‘वॉरब्रेकर’ वाचलेला वाचक तिथे ताडकन उठून बसतो. न वाचलेल्याला ते एक विचित्र दृश्य वाटतं आणि तो पान उलटतो. असा क्षण एकदाच मिळतो. शिवाय ‘वॉरब्रेकर’ लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला दिलेलं आहे, तेव्हा पैशाचं कारणही पुढे करता येत नाही.

‘स्टॉर्मलाइट’च्या लघुकादंबऱ्यांपैकी ‘एजडान्सर’ हे ‘ओथब्रिंगर’च्या आधी आणि ‘डॉनशार्ड’ हे चौथ्या पुस्तकाच्या, ‘रिदम ऑफ वॉर’च्या आधी. यांना याद्यांत २.५ आणि ३.५ असे आकडे असतात आणि इथे ते बरोबर आहेत! वैताग नेमका याचाच आहे. एका मालिकेतलं साडेतीन खरं, दुसऱ्या मालिकेतलं फसवं आणि दोन्ही दिसायला सारखे. ‘एजडान्सर’ गाळलं तर ‘ओथब्रिंगर’मध्ये दोन पात्रं वेगळ्याच मनःस्थितीत समोर येतात आणि मधे काय झालं ते कळत नाही.

‘द लॉस्ट मेटल’ (२०२२) मिस्टबॉर्नचं सातवं पुस्तक असलं, तरी त्यात इतर ग्रहांची माणसं आणि त्यांच्या जादू उघडपणे येतात. त्याआधी ‘इलान्ट्रिस’, ‘द एम्परर्स सोल’ आणि ‘स्टॉर्मलाइट’ची निदान चार पुस्तकं झालेली असावीत. ‘द एम्परर्स सोल’ तर तशीही लवकर वाचावी. लहान आहे, एकटी उभी राहते आणि २०१३ चा ह्यूगो पुरस्कार तिला उगाच मिळालेला नाही.

प्रकाशनक्रम शब्दशः पाळला तर आणखी एका ठिकाणी फसायला होतं. ‘द सनलिट मॅन’ आलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, ‘स्टॉर्मलाइट’चं पाचवं पुस्तक ‘विंड अँड ट्रुथ’ डिसेंबर २०२४ मध्ये. पण ‘सनलिट मॅन’ खूप पुढच्या काळातलं आहे आणि ‘स्टॉर्मलाइट’मधल्या एका पात्राचं पुढे काय होतं ते सांगतं. आज वाचणाऱ्याने ते ‘विंड अँड ट्रुथ’नंतरच घ्यावं. २०२३ चंच ‘ट्रेस ऑफ द एमरल्ड सी’ मात्र कुठेही चालतं. उशिरा वाचलं तर जास्त रंगतं, कारण गोष्ट सांगणारा कोण हे तोवर ओळखीचं झालेलं असतं.

खरेदीबद्दल. लघुकादंबऱ्या सुट्या घेऊ नका. २०१६ च्या ‘अर्केनम अनबाउंडेड’ या संग्रहात ‘द एम्परर्स सोल’, ‘सीक्रेट हिस्टरी’, ‘एजडान्सर’, ‘सिक्स्थ ऑफ द डस्क’ धरून नऊ कथा आहेत. ‘डॉनशार्ड’ २०२० ची, ती त्यात नाही. मात्र हा संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचण्याचा नाही. एकेक कथा तिच्या जागेवर वाचायची आणि पुस्तक परत कपाटात. प्रत्येक ग्रहाच्या सुरुवातीची टिपणंसुद्धा त्या ग्रहावरची मुख्य पुस्तकं झाल्याशिवाय वाचू नयेत. छापील प्रती घेताना आणखी एक सापळा: ‘स्टॉर्मलाइट’ची पुस्तकं ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन-दोन भागांत निघाली आहेत. कव्हरवरचं ‘भाग २’ म्हणजे मालिकेतलं दुसरं पुस्तक नव्हे, पहिल्याच पुस्तकाचा उत्तरार्ध. मागवण्यापूर्वी पूर्ण शीर्षक तपासा.

क्रमांकांचा हा घोळ एकट्या कॉस्मिअरचा नाही. ‘नार्निया’ या मुलांच्या पुस्तकमालिकेत १९५० मध्ये आलेलं पहिलं पुस्तक १९९४ नंतरच्या अमेरिकी आवृत्त्यांत दुसरं झालं आणि १९५५ चं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ पहिल्या जागी गेलं, कारण त्यात जगाची उत्पत्ती आहे. पण १९५० च्या पुस्तकात असलान या सिंहाचं नाव पहिल्यांदा निघतं तिथे लेखक सांगतो की तो कोण हे मुलांना जितकं माहीत आहे तितकंच वाचकाला. नव्या क्रमाने आलेल्या वाचकाच्या बाबतीत ते वाक्य खोटं ठरतं. ‘विचर’ या मूळ पोलिश मालिकेच्या इंग्रजी वाचकांचे हाल तर अनुवादाच्या क्रमाने केले. ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’ इंग्रजीत २००८ मध्ये आलं आणि गेराल्ट व सिरी या मुख्य पात्रांचं नातं जिथे जुळतं तो ‘सोर्ड ऑफ डेस्टिनी’ हा कथासंग्रह २०१५ मध्ये. आज क्रम सरळ आहे: दोन्ही कथासंग्रह आधी, मग कादंबऱ्या, ‘सीझन ऑफ स्टॉर्म्स’ सगळ्यात शेवटी. ‘व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचं ‘न्यू स्प्रिंग’ याद्यांत शून्य क्रमांकावर असतं, पण आलं २००४ मध्ये, दहाव्या आणि अकराव्या पुस्तकाच्या मध्ये. शून्य दिसलं म्हणून तिथून सुरुवात करू नका.

आता दुरुस्ती. ॲपमध्ये मालिकेनुसार येणारी पुढच्या पुस्तकाची सूचना बंद करता येत असेल तर करा, नाहीतर स्वतःचा संग्रह बनवून त्यातूनच पुस्तक उघडा. कॅलिबर हे ई-बुकांचा संग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे स्वतःचा स्तंभ जोडणं. प्रकार निवडताना मालिकेसारखा क्रमांक ठेवणारा मजकूर-स्तंभ निवडा, नाव द्या ‘वाचनक्रम’. मूळ मालिकेची माहिती जशीच्या तशी राहते आणि वर्गवारी आपल्या स्तंभाने होते. क्रमांक १, २, ३ असे देऊ नका, १०, २०, ३० असे द्या. नवं पुस्तक आलं की मध्ये जागा असते आणि दशांशाची गरज पडत नाही. ‘आइल्स ऑफ द एम्बरडार्क’ (२०२५) हे ‘सिक्स्थ ऑफ द डस्क’च्या नायकाची कथा पुढे नेतं. ते यादीत घालताना मागचे सगळे आकडे जागच्या जागी राहतात.