जुन्या ट्रॅक्टरसाठी डीसी क्लॅम्प मीटर, दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितोय

जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याने पाने-पकडीनंतर पहिली वस्तू कुठली घ्यावी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे, डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा. साधा मल्टीमीटर बहुतेकांकडे असतोच, पण त्याच्यात आणि याच्यात फरक काय आणि तो फरक जुन्या इंजिनवर का कामाला येतो हे नीट कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबलचक लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण हाच मीटर, हाच साचा, वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, तुम्हाला दुसऱ्या रंगात मिळेल. माझ्याकडचा ६००० काउंटचा ऑटोरेंज आहे, जबडा ६०० अँपिअरपर्यंत एसी आणि डीसी दोन्ही मोजतो, मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारं बटण) आहे, कपॅसिटर मोजतो, तापमानाची वायर सोबत येते.

घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. बाजारातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, घरच्या वायरिंगसाठी ते ठीक, ट्रॅक्टरवर ते शून्य दाखवणार कारण बॅटरीचा करंट डीसी. डब्यावर डीसी व्होल्ट लिहिलेलं असतं ते वाचून माणूस फसतो, तुम्हाला जबड्याने डीसी अँपिअर मोजणारा पाहिजे.

आता मी घेतला कशासाठी ते सांगतो. माझ्याकडे एक जुना तीन सिलिंडर डिझेल आहे, पूर्ण खोलून, घासून, रंगवून उभा केलेला. रंगकाम झालं आणि तेव्हापासून सेल्फ मंद फिरायला लागला, सकाळी गार इंजिनवर तर घूं… घूं… करून थांबायचाच. आधी बॅटरी बदलली. मग सेल्फ उतरवला, कार्बन ब्रश नवीन टाकले, बुश बदलले, बाकावर लावून बघितला तर गरगर फिरतोय, परत बसवला तर पुन्हा तेच. इंजिन जॅम आहे, पंप खोला, हेड उतरवा असे सल्ले यायला लागले आणि खरं सांगतो, हेडचे नट ढिले करायच्या बेतात होतो.

मीटर आल्यावर आधी स्टॉपचा खटका ओढून ठेवला म्हणजे इंजिन चालू होणार नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि सेल्फच्या जाड केबलला जबडा लावून मिन-मॅक्स दाबून सेल्फ मारला. १७० अँपिअर, म्हणजे कमीच. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ चे ११.४ झाले, म्हणजे बॅटरी काही दमलेली नाही. पण सेल्फच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत बघितलं तर ८.१. तीन व्होल्टच्या वर वाटेतच गायब.

इथे या मीटरची खरी किंमत कळते. इंजिन मंद फिरत असेल आणि करंट खूप जास्त ओढत असेल तर काहीतरी घट्ट आहे, इंजिन तरी नाहीतर सेल्फचा आर्मेचर घासतोय. पण मंद फिरतंय आणि करंटही कमीच ओढतंय, तर सेल्फला वीजच पोचत नाही, वाटेत कुठेतरी अडतेय. नुसत्या व्होल्टमीटरवर हा निवाडा एवढ्या चटकन होत नाही, आणि हा निवाडा झाल्याशिवाय पाना हातात घेतला की चांगले भाग विनाकारण खोलले जातात.

मग उरलं फक्त कुठे अडतेय ते शोधणं, आणि ते अगदी सोपं आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक पिन बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर (क्लिपवर नाही, टर्मिनलवरच, कारण कितीदा तरी घाण त्या दोघांच्या मध्येच असते) आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. लाइव्ह बाजू ०.३ आली, ठीक, अर्ध्या व्होल्टच्या आत चालतं. अर्थच्या, म्हणजे बॉडीतून परत येणाऱ्या, बाजूने तेच केलं, सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या दुसऱ्या टर्मिनलपर्यंत, तर ३.०. ही बाजू साधारण ०.२-०.३ च्या आत पाहिजे. मग एकेक टप्पा पुढे सरकत गेलो. टर्मिनलवरून क्लिपवर, काही नाही. अर्थ केबलच्या थिंबलवर (केबलच्या टोकाच्या भोकवाल्या पत्रीवर), काही नाही. थिंबल ज्या बोल्टने गिअरबॉक्सच्या केसिंगला आवळलंय त्या बोल्टच्या डोक्यावर ०.१. आणि बोल्टपासून चार बोटं लांब, केसिंगवरचा रंग नखाएवढा खरवडून पिन टेकवली तर २.९!

बोल्ट काढला. थिंबलच्या खाली आमचाच नवाकोरा रंग, चकचकीत, प्रायमरसकट, आणि बोल्टच्या आट्यांमध्येही रंग आणि जुना गंज. सगळी वीज त्या दोन-तीन आट्यांमधून कशीबशी जात होती. पॉलिश पेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, आटे साफ केले, थिंबल घासलं, आवळून वरून ग्रीस लावलं. परत बघितलं तर करंट २९०, अर्थची बाजू ०.२, बॅटरीवर १०.५ आणि सेल्फवर ९.८, इंजिन गरकन फिरलं. स्टॉपचा खटका आत ढकलून पुन्हा सेल्फ मारला तर गार इंजिन लगेच चालू. हेड, पंप कशालाच हात लावावा लागला नाही. ज्यांनी ज्यांनी ट्रॅक्टर रंगवलाय आणि नंतर इलेक्ट्रिकचे भूतासारखे त्रास सुरू झालेत त्यांनी आधी अर्थचा बोल्ट काढून बघा, दिवे मंद, हॉर्न घोगरा, काटे उगाच हलतात हे सगळं तिथूनच येऊ शकतं.

६ व्होल्टवाल्या गाड्यांना तर हे आणखी लागू आहे. फोर्ड ८एन ट्रॅक्टर घ्या, १९४७ ते १९५२ मध्ये पाच लाखांवर बनला, ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. तेवढीच ताकद काढायला ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो, आणि मुळात व्होल्टच निम्मे, म्हणजे त्याच खराब सांध्यात जाणारा वाटा चौपट होतो. लोक काय करतात, केबल तुटली की १२ व्होल्टच्या कारची बारीक केबल लावतात, मग सेल्फ रडायला लागला की म्हणतात ६ व्होल्ट सिस्टिमच बेकार. बेकार नाही हो, तिला बोटाएवढी जाड केबल आणि स्वच्छ सांधे पाहिजेत. बदलायच्या आधी एकदा वर सांगितलंय तसं मोजून तर बघा.

पॉझिटिव्ह अर्थवरून आठवलं. फर्ग्युसन, फोर्डसन मेजर अशा कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं आणि मधल्या काळात कुणी उलटं केलेलं असलं तर बघून कळत नाही, बॅटरीवरच्या खुणाही पुसलेल्या असतात. मीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन सेल्फच्या केबलला, स्क्रीनवर मायनस आलं की पॉझिटिव्ह अर्थ. अर्ध्या मिनिटाचं काम. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) काढून अल्टरनेटर बसवणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय वायर जोडूच नये, उलटी जोडली की आतले डायोड तिथल्या तिथे जातात.

डायनॅमोसाठीही हा मीटर फार चालला. चार्जिंग होत नाही म्हटलं की लोक डायनॅमो उतरवून गुंडाळी भरायला देतात, आणि दोष निघतो कटआऊटच्या (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचच्या) डब्यात. लुकास कंपनीच्या दोन टर्मिनलवाल्या १२ व्होल्ट डायनॅमोची जुनी परीक्षा आहे, दोन्ही वायरी काढायच्या, मोठं डी आणि छोटं एफ ही दोन टर्मिनल एका वायरने जोडायची, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावायचा आणि इंजिन हळूहळू वाढवायचं. आकडा न अडखळता सरसर वर गेला पाहिजे, २० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, रेस ओढायची नाही. अर्धा-एक व्होल्टवरच अडकला तर फील्डची गुंडाळी बघा, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर, काहीच नाही आलं तर आधी ब्रश. चढला नीट तर डायनॅमो चांगला आहे, त्याला जागेवर राहू द्या आणि डब्याकडे वळा. बरेच दिवस पडून असलेला डायनॅमो चुंबकपणा विसरतो, अशा वेळी एफची वायर काढून बॅटरीच्या लाइव्हवरून एफ टर्मिनलला क्षणभर एक-दोनदा वायर टेकवली की जागा होतो. आणि चार्ज खरोखर बॅटरीत जातोय की बॅटरीतून येतोय हे बघायला जबडा बॅटरीच्या पॉझिटिव्ह केबलला, त्यावरचा बाण बॅटरीकडे तोंड करून लावायचा, अधिक आलं म्हणजे भरतेय, उणे म्हणजे रिकामी होतेय. डॅशबोर्डवरच्या ॲमीटरवर विसंबायची गरजच राहिली नाही. हां, इंजिन बंद असताना उणे आणि तेही मोठा आकडा आला तर कटआऊटचे पॉइंट चिकटलेत, बॅटरी डायनॅमोतून उलटी रिकामी होतेय, ताबडतोब केबल काढा.

पेट्रोल-केरोसीनवाल्यांसाठी थोडक्यात. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) मिटलेले आणि इग्निशन चालू असताना पॉइंटवर जवळपास शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत, उघडले की बॅटरीएवढे. मिटल्यावरही अर्धा-पाऊण दिसतोय तर पॉइंट जळलेत किंवा प्लेटचा अर्थ गेलाय. कंडेन्सर बहुतेक ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असतो, तोही यावर मोजता येतो, पण गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर गार असताना चांगलाच दाखवतो हे ध्यानात ठेवा. कॉइल ६ व्होल्टची साधारण दीड ओहम, १२ ची तीन, मोजताना आधी दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. पॉइंटच्या गॅपला मात्र मीटर नाही, फीलर गेजच (पातळ पट्ट्यांचं माप), आणि तोही मॉडेल बघून, त्याच ८एनला पुढच्या डिस्ट्रिब्युटरवर ०.०१५ इंच आणि १९५० मध्ये आलेल्या बाजूच्या डिस्ट्रिब्युटरवर ०.०२५.

तापमानाची वायर मी आधी फालतू समजत होतो, पण तिने एक काम छान केलं. इंजिन एक सिलिंडर टाकत होतं, कुठला ते आवाजावरून कळेना. गार इंजिन चालू केल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तिन्ही तोंडांशी वायर टेकवत गेलो, दोन भराभर तापली, मागचं कोमट. नोझल त्याचंच खराब निघालं.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत. एक, डीसी जबडा दर वेळी झीरो करावा लागतो. आत हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) आहे, मोठा करंट मोजून झाला की मागे दोन-चार अँपिअर चिकटून राहतात, बटण न दाबता मोजलं तर चार्जिंगचा आकडा पार चुकतो. त्यामुळेच बॅटरी रात्रीत कशाने उतरते हे शोधायला जबडा चालत नाही, तो करंट फार थोडा असतो, त्यासाठी मीटर ओळीत जोडून मिलीअँपिअरवर बघावा लागतो आणि तसा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, आतला फ्यूज जातो. माझा एकदा गेला आणि तो बदलायला सगळं मागचं कव्हर खोलावं लागलं, चार बारीक स्क्रू प्लॅस्टिकमध्ये, दोनदा खोलले की आटे जातील असं वाटतं.

दोन, मिन-मॅक्स सेकंदाला तीनेकदाच बघतो. सेल्फ मारल्याबरोबरचा पहिला झटका तो पकडत नाही, टिकून राहणारा आकडा पकडतो. मंद सेल्फच्या शोधाला तेवढं पुरतं.

तीन, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्पार्क देणारा) किंवा साध्या तांब्याच्या प्लग वायरी असलेलं इंजिन चालू असलं की स्क्रीनवरचे आकडे नुसते नाचतात. मीटर लांब धरला, पिनांच्या वायरी प्लगपासून दूर ठेवल्या तर थोडं थांबतं, पूर्ण नाही. अशा इंजिनवर जुना काट्याचा मीटर अजूनही बरा, माझा मी जपून ठेवलाय.

चार, सोबत आलेल्या पिनांच्या वायरी कडक आहेत, थंडीत तर काठीसारख्या, आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिप नाही. लांब, मऊ, क्लिपवाल्या वायरी वेगळ्या घ्या, कारण एका हाताने पिन धरून दुसऱ्या हाताने सेल्फ मारायच्या नादात माणूस चाकांच्या मध्ये उभा राहतो. पेचकसाने सेल्फचे बोल्ट शॉर्ट करून इंजिन चालू करायची सवय असेल तर ती तर आजच सोडा, गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर त्या शॉर्टने चालू होतो आणि समोर उभ्या माणसावरून जातो, असे जीव गेलेले आहेत. क्लिप लावा, सीटवर बसून सेल्फ मारा, नाहीतर दुसऱ्याला बसवा, मिन-मॅक्स आकडा धरून ठेवतोच.

ज्याचा ट्रॅक्टर हँडल मारून चालू होतो आणि मॅग्नेटोवर आहे, बॅटरीच नाही, त्याला याची गरज नाही, त्याने तेच पैसे कम्प्रेशन गेजवर घालावेत. बाकी सगळ्यांना घ्या म्हणून सांगेन, पाचपैकी चार. एक त्या मागच्या चार स्क्रूंसाठी आणि काठीसारख्या वायरींसाठी कापलाय. आल्याबरोबर पहिलं काम, चांगल्या चालणाऱ्या तुमच्याच ट्रॅक्टरवर सेल्फचा करंट, बॅटरीचे व्होल्ट आणि दोन्ही बाजूंचा ड्रॉप (वाटेत गायब होणारे व्होल्ट) मोजा आणि तारखेसकट टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. माझ्या झाकणावर २९० आणि ०.२ लिहिलंय, या हिवाळ्यात ०.४ आलं तेव्हा बंद पडायच्या आधीच बोल्ट काढून घासला.