सायलेन्सरच्या नळ्या घरीच चमकवल्या: दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली, मागे दोन खऱ्या नळ्या. ‘खऱ्या’ असं मुद्दाम लिहिलं, कारण हल्ली कितीतरी गाड्यांच्या बंपरवर दिसते ती क्रोमची चौकट निव्वळ प्लॅस्टिकची असते आणि असली नळी तिच्या मागे जमिनीकडे तोंड करून दडलेली असते. तुमच्या गाडीचं तसं असेल तर साबणपाणी आणि फडकं एवढंच पुरे. पेस्ट घासाल तर प्लॅस्टिकवरचा क्रोमचा मुलामा उडेल आणि तो परत येत नाही.

मागच्या दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मेटल पॉलिशची ट्यूब आणली. चारशेच्या आत मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा तीन-चार पेस्ट बाजारात आहेत आणि काम सगळ्यांचं एकच: अत्यंत बारीक दळलेली कठीण पूड आणि तिला धरून ठेवणारं तेलकट मलम. तेव्हापासून हिवाळा गेला, नागपूरचा उन्हाळा गेला, आता पावसाळा चालू आहे. ट्यूब अजून अर्धीही संपलेली नाही. एका वेळेला वाटाण्याएवढी पेस्ट एका नळीला भरपूर होते, त्यामुळे पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

पेस्ट चांगली आहे, पण तिच्यावर जेवढी भिस्त ठेवली जाते तेवढं तिचं काम नाही. खरी मेहनत काजळी काढण्यात आहे. काजळी असतानाच पेस्ट लावली की दोन्हींचा काळा चिखल होतो, फडकं दोन मिनिटांत भरतं आणि धातूपर्यंत काही पोचतच नाही. मग माणूस जोर लावतो, आणि चरे पडतात ते तिथे.

मी करतो ते असं. गाडी रात्रभर उभी असलेली हवी, नळी पूर्ण थंड. हातात नायट्राइलचे हातमोजे. हे चोचले नव्हेत. काजळी कातडीला चांगली नाही, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने डिझेलच्या धुराला 2012 साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि काजळी त्या गटात आधीपासून आहे. नळीच्या आत वीतभर खोल जुनं फडकं कोंबायचं, म्हणजे पाणी नि क्लीनर आत सायलेन्सरच्या डब्याकडे वाहत नाही. फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, काम झाल्यावर काढायला विसरू नये म्हणून. बंपरच्या कडेला मास्किंग टेप, कारण पेस्ट रंगावर घासली गेली की तिथे धुरकट डाग दिसतो. मग डिग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा क्लीनर, मारून पाच मिनिटं थांबायचं आणि जुन्या टूथब्रशने आतली कड घासायची. डिग्रीझर नसेल तर भांड्यांचं लिक्विड गरम पाण्यात चालतं, फक्त दोनदा करावं लागतं. पुसून फडकं काळं येणं कमी झालं की मगच ट्यूब उघडायची.

घासायला काय वापरावं, यावर मी जरा हट्टी आहे. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी नको. तिच्यात कठीण कण असतात, गुळगुळीत स्टीलवर ती धुरकट रेघोट्या सोडते. साध्या लोखंडाची स्टील वूल, मग ती 0000 नंबरची सगळ्यात मऊ का असेना, स्टेनलेसवर नको. तिचे बारीक तंतू धातूत रुतून बसतात, पहिल्या पावसात गंजतात, आणि आपल्याला वाटतं नळीच गंजली. एका वॉशिंग सेंटरवर पोऱ्याने विचारता न विचारता तारेची घासणी फिरवली होती. त्या गोल रेघा काढायला मला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर, आणावा लागला: आधी 1000, मग 2000 नंबरचा, पाणी लावून, आणि त्यावर पेस्ट. एरवी वॉटर पेपरची गरज पडत नाही. दाट, चिकटलेला थर असेल तर तांब्याच्या मिश्रधातूची वूल मिळते ती घ्यावी, नाहीतर मायक्रोफायबर आणि धीर.

बायकोने पितांबरी सुचवली, ती तांब्या-पितळेला उत्तम आहे, पण मी नळीला लावली नाही. लिंबू-मीठही नाही, कारण मिठातलं क्लोराइड स्टेनलेसचा संरक्षक थर फोडतं. आणि व्हिडिओत टॉयलेट क्लीनर ओतून नळी चमकवणारे दिसतात, त्यांना दुरूनच नमस्कार. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पाच मिनिटं नळी झकास दिसते, मग तिच्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्टेनलेस चमकतं ते त्यातल्या क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. तो थर हवेत आपोआप पुन्हा धरतो, पण ॲसिडने खोल खड्डे पडले तर ते भरून येत नाहीत.

पहिल्या दिवशीचा परिणाम दसऱ्याला सगळ्यांनी पाहिला. आपट्याची पानं घेऊन आलेले शेजारचे काका मागे वाकून म्हणाले, “काऊन रे, गाडी इकून राहिला का?” बाहेरचा भाग आरशासारखा झाला होता. आतला भाग मात्र फक्त राखाडी झाला, पूर्ण पांढरा नाही. तिथे उष्णतेने पिवळसर-निळसर रंग चढलेला असतो, तो धातूच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर असतो, काजळी नव्हे. पेस्टने थोडा उतरतो. मी त्याच्या मागे लागलो नाही.

आता मुख्य प्रश्न, टिकतं किती? इथे माझी समजूत सगळ्यात जास्त बदलली. मी मानेवाड्याहून धंतोलीला ऑफिसला जातो, जेमतेम पाच-सहा किलोमीटर. इंजिन नीट तापायच्या आत पोचलेलो असतो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते सरळ सिलिंडरमध्ये फवारलं जातं. थंड पिस्टनवर पडलेला काही भाग नीट वाफ न होता जळतो आणि त्याची काजळी होते. वर एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते थंड नळीत जमतं, सकाळी टपटप गळतं आणि काजळीला चिकट करून सोडतं. त्यामुळे हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांत कडा पुन्हा काळ्या. मला आधी पेस्टच कमी वाटली होती.

मग समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आलो. तासन्‌तास 100-110 वर गाडी, इंजिन पूर्ण गरम, नळी कोरडी. परत आल्यावर नळीच्या आत राखाडी भुकटीसारखं काहीतरी होतं, फडक्याच्या एका फेरीत निघालं. पेस्ट तीच, नळी तीच. म्हणजे चमक किती टिकणार हे ट्यूबपेक्षा तुमच्या रोजच्या रस्त्यावर जास्त अवलंबून आहे. ज्यांचं सगळं चालवणं सीताबर्डीच्या सिग्नलांमध्ये होतं, त्यांनी कोणत्याही पेस्टच्या ‘सहा महिने चमक’ या दाव्यावर विश्वास ठेवू नये.

उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी अंगणातल्या गाडीवर पेस्ट लावली की बफिंग करायच्या आत ती वाळून पांढरी पापडी होते, मग ती काढणंच नवं काम. सकाळी सहाला, सावलीत, एका वेळेला एकच नळी. पाण्याचंही पाहावं लागतं. बोअरच्या पाण्याने धुवून तसंच सोडलं की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि ते काजळीपेक्षा चिवट. मी शेवटचा हात पेंचच्या नळाच्या पाण्याने घेतो आणि लगेच कोरडं करतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडतो खरा, पण तो निव्वळ पाण्याने निघतो. त्याला घासायला जाऊ नका, त्यात वाळू असते.

चमक टिकावी म्हणून मेण लावून पाहिलं. कार्नोबा मेण 82 ते 86 अंशांना वितळतं आणि नळीचं टोक चालत्या गाडीत त्याहून सहज गरम होतं, तेव्हा ते कुठे गेलं कळलंही नाही. चाकांच्या रिमसाठी मिळतं ते उष्णता सोसणारं सीलंट बरं निघालं. काजळी बसायची थांबत नाही, पण ती धातूला धरत नाही. दर रविवारी गाडी धुताना ओल्या फडक्याने पुसली की काम होतं, आणि पेस्टची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. बाहेरच्या भागाला लावावं. आत लावायला मी आता जात नाही.

काळेपणाचा प्रकारही पाहत जा. कोरडी काळी भुकटी असेल तर चिंता नाही. हाताला तेलकट, चिकट लागत असेल आणि ऑइलची पातळी खाली जात असेल, तर पॉलिशपेक्षा मेकॅनिकची गरज जास्त. साडभावाच्या बीएस-6 डिझेलची नळी वर्षभरानंतरही आतून बोट फिरवलं तरी जवळजवळ स्वच्छ निघते, कारण मधे काजळी अडवणारा फिल्टर आहे, डीपीएफ. तशा गाडीची नळी एकाएकी काळी पडली तर फिल्टर तपासून घ्यावा.

काकांनी पुढच्याच रविवारी आपली जुनी गाडी आणून उभी केली. “माह्यावालीले बी घास ना थोडं.” नळी बाहेरून लावलेली, क्रोमची, मुलामा सुटून खालून तांबूस गंज आलेला. चुंबक पटकन चिकटलं. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाहीच असं नाही; कंपन्या सायलेन्सरला वापरतात ते 409 जातीचं स्टेनलेसही चुंबकाला धरतं, टोकाला बसवतात ते 304 सहसा धरत नाही. पण इथे तर पापुद्रेच निघत होते. मुलामा गेलेल्या जागी पेस्ट फक्त उघडं लोखंड चमकवते आणि उरलेला क्रोम आणखी पातळ करते. ओल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने वरचा गंज निघाला, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडले नाहीत, पण पापुद्रे तसेच राहिले. काकांना सांगितलं की यावर पेस्ट वाया घालवण्यापेक्षा टोक बदला. तासाभराचं काम आहे. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा, आणि दुकानदार ‘शंभर टक्के स्टेनलेस’ म्हणाला तर त्याच्यासमोरच लावून पाहा.